नळीतला शनी

दिवाळीच्या आधीपासून दर शनिवारी मंठ्याच्या बाजारतळामागच्या मैदानात इतकी माणसं जमू लागली, की भेळेच्या तीन गाड्यांनी तिथंच मुक्काम ठोकला. प्रत्येकाच्या हातात तेलाची बाटली. कुणाची काचेची, कुणाची थंड पेयाची, एकाची तर खोकल्याच्या औषधाची, वरच्या मापाच्या खुणांसकट. रांग मैदानाला वळसा घालून रस्त्यावर यायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, मांडवात, काळ्या मखमलीत गुंडाळलेली चार फुटी दुर्बीण असायची.

तिला डोळा लावून माणूस उठला, की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. साहेबापुढंही ज्यांचा आवाज कधी खाली आला नाही, अशी माणसं घोगऱ्या आवाजात सांगायची, "दिसले. कड्यासकट दिसले."

दुर्बिणीशेजारी गादीवर छायानाथ महाराज बसलेले असत. काळी कफनी, गळ्यात घोड्याच्या नालेची साखळी आणि नाकावर चष्मा. चष्मा जवळचा होता, नंबर दोनच्या आसपासचा. हे मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या श्रीपतीनं पहिल्याच दिवशी ताडलं होतं. स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत महाराज शनीवर विसंबून नव्हते, एवढं त्यावरून दिसत होतं. पण श्रीपतीनं त्यावर पुढं विचार केला नाही. त्याचं लक्ष लाऊडस्पीकरकडे होतं.

"मंठ्याचे नामांकित चष्मेवाले श्रीपतराव यांनी तपासलेल्या अस्सल भिंगातून साक्षात शनिदर्शन. नळीची सेवा, किशनलाल शेठ लोखंडवाले."

आपलं नाव माईकवर ऐकलं की माणसाच्या छातीचं माप बदलतं. श्रीपतीचं बदललं होतं. बसस्टँडजवळ तीस वर्षं त्याचं चष्म्याचं दुकान. अर्ध्या तालुक्याला त्यानं अक्षरं दाखवली, पण त्याचं नाव माईकवर घ्यावं असं तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

झालं होतं एवढंच. महाराजांचा पट्टशिष्य एक दिवस दुकानात आला आणि भगव्या फडक्यातून एक भिंग काढून काउंटरवर ठेवलं. काच कशी आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. श्रीपतीनं ती उजेडाकडे धरली, फिरवली, बोटांनी कड चाचपली. बुडबुडा नाही, लहर नाही, ओरखडा नाही. तो म्हणाला, "एक नंबर भिंग आहे." बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. तिकडे किशनलाल शेठनं दुकानातली चार इंची पाइप कापून, तिला आटे पाडून दिली होती. दिली ती शुक्रवारी, कारण शनिवारी लोखंड घरी नेत नाहीत. त्यानंही सगळ्यांना सांगितलं की पाइप बिलकुल मजबूत आहे. तेही खरंच होतं. नळी किशनलालची, भिंग श्रीपतीनं पास केलेलं. मधला शनी कुणाचा, हे विचारायला मात्र कुणी उरलंच नव्हतं.

दर्शन घ्यायला कमरेत वाकावं लागे. ग्रहापुढे माणसानं वाकलंच पाहिजे, असं महाराज म्हणत. माणूस वाकला, की त्यांचं बोलणं सुरू होई.

"बघ माय. मधी महाराज. भोवती कडी. कड्यावर काळी सावली दिसते? ती तुझी साडेसाती. अन् कड्याच्या आत बारका ठिपका दिसतो का? तो ठिपका म्हणजे तू."

आकाशात आपली जागा ठरलेली आहे, तीही कड्याच्या आत, हे ऐकून पाय न कापणारा माणूस मंठ्यात निघाला नाही. मग नेम सांगितला जाई. अकरा शनिवार तेल, बोटात नालेची अंगठी, आणि ज्या दुखण्यासाठी आलात त्याचं डॉक्टरी औषध बंद. ग्रहाची नजर अंगावर असताना औषध घेतलं तर नजर फिरते, असा त्याचा खुलासा होता. चार-पाच शनिवारांनी ठिपका कड्याच्या काठावर येई. आठव्याला बाहेर. महाराज नळीवरच्या पितळी चकतीला हात लावून मंत्र म्हणत आणि ठिपका सुटे. एका शनिवारी आभाळ गच्च भरून आलं, तरी दर्शन चालूच राहिलं. "ढग तुम्हाला आडवे येतात. त्याला कसले ढग?" महाराज म्हणाले आणि लोकांनी हात जोडले. श्रीपतीनं जोडले नाहीत, पण शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "भिंगच तसलं आहे."

आठव्या शनिवारी रांगेत त्याची थोरली बहीण होती, सगुणाबाई, पहिल्या शनिवारपासून न चुकता येणारी. सगळं गाव तिला अक्का म्हणे. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि पुढच्या खोलीत शिवणाचे वर्ग चालवू लागली. तालुक्यातल्या किती मुलींना तिनं काजं करायला शिकवलं, त्याची मोजदाद नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. जालन्याच्या डॉक्टर यशश्रींनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. त्यासाठी थेंब, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

अक्का वाकली, डोळा लावला आणि उठली तेव्हा हसत होती. "सुटला," ती म्हणाली. "ठिपका भाईर आला."

वळताना तिचा डावा खांदा मांडवाच्या खांबावर आपटला. खांब चांगला मांडीएवढा जाड होता.

*

श्रीपतीला तो खांब घरापर्यंत पुरला. तो आठवू लागला. परवा चहाचा कप तिनं डाव्या कोपरानं पाडला होता. त्याआधी दारातल्या सायकलीवर गेली होती. आपण काय म्हणालो होतो? सायकल नीट लावत जा रे, म्हणून पोरांना ओरडलो होतो.

घरी आल्यावर त्यानं फ्रिज उघडला. थेंबाची बाटली महिनाभर पुरते. वरच्या कप्प्यात दोन बाटल्या होत्या, दोन्ही सीलबंद.

"अक्का, हे काय?"

"नेम हाय माझा. अजून तीन शनिवार."

"दोन महिने थेंब घातले न्हाईत तू?"

"ओरडू नको. तूच तर सांगून राह्यला सगळ्या गावाला, भिंग एक नंबर हाय म्हणून. तू खोटं थोडीच बोलशील? तुझ्यावर इसवास ठेवून गेल्ते मी."

श्रीपतीनं फ्रिजचं दार लावलं. ते लावायला त्याला बराच वेळ लागला.

अक्का मात्र बोलत होती, शांतपणे, काजं शिकवताना बोलायची तशी. "तुला सांगू का, श्रीपती? दोन वर्षं झाली, मला माणसं अर्धीच दिसून राह्यली. कडंनं कोण आलं, कळत न्हाई. शिवणाच्या पोरी माझ्या डाव्या बाजूला बसून मोबाईल बघतात, मला ठाव हाय. पर त्या नळीला डोळा लावला अन् सगळं दिसलं. पूरं. रांगेतल्या सगळ्यांना दिसलं तेवढंच मला बी दिसलं. मंग मी कसं म्हणू, गुण न्हाई म्हणून?"

सोमवारी तो तिला जालन्याला घेऊन गेला. डॉक्टरांना भेटायचं कबूल करताना अक्कानं अट घातली, तपासा, पण थेंब घालायचे नाहीत.

डॉक्टर यशश्रींनी तपासलं. डोळ्यातला दाब दुपटीवर गेला होता. मग अक्काला त्या यंत्रासमोर बसवलं, ज्यात कुठंकुठं ठिणग्या लुकलुकतात आणि दिसली की बटण दाबायचं असतं. डावीकडे ठिणग्या लुकलुकत राहिल्या आणि अक्काचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं. छापून आलेल्या कागदावर डाव्या डोळ्याची कड काळी होती. मागच्या कागदावर ती करडी होती. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले.

नळीची हकीगत मात्र त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मधे एकदाही हसल्या नाहीत, म्हणून अक्कानं ती नीट सांगितली.

"मावशी, तुम्हाला नळीतून सगळ्यांएवढं दिसलं, ते खरंच आहे," त्या म्हणाल्या. "नळीतून सगळ्यांनाच मधलं तेवढं दिसतं. कडेचं कुणालाच दिसत नाही. तुमचं मधलं अजून शाबूत आहे. गेलीय ती कड. त्या नळीनं तुम्हाला बरं केलं नाही. तिनं बाकीच्यांना तुमच्यासारखं केलं."

अक्का म्हणाली, "अन् शनी? तो तर दिसला ना."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "पेशंट संपले की दाखवते. थांबाल?"

दिवेलागण होऊन अर्धा तास झाला तेव्हा त्या दोघांना घेऊन गच्चीवर गेल्या. तिथं तीन पायांवर एक आखूड, पांढरी दुर्बीण होती, सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मुलांना दाखवायला आणलेली. एमआयडीसीच्या बाजूला आभाळ तांबूस धुरकट होतं, पण वर स्वच्छ. डॉक्टरांनी दक्षिणेकडे, चांगल्याच उंचावर बोट केलं. एक पिवळसर तारा, न लुकलुकणारा. दुर्बिणीचं तोंड त्यांनी त्याच्याकडे वळवलं, तेव्हा ते जवळजवळ आभाळात उभं राहिलं. श्रीपतीला पहिला चटका तिथं बसला. मैदानातली नळी आडवी असते. तिचं तोंड गेले दोन महिने पाण्याच्या टाकीकडे आहे.

अक्कानं डोळा लावला. बराच वेळ शोधलं.

"हा?" ती म्हणाली. "हा एवढासाच?"

"एवढासाच."

"ज्वारीच्या दाण्याएवढा हाय की. अन् कडी कुठंय? नुसती सुई टोचल्यावानी रेघ."

"यंदा कडी आपल्याला काठावरून दिसते. थाळी डोळ्यासमोर आडवी धरली की जशी रेघ दिसते, तशी. चौदा-पंधरा वर्षांनी एकदा असं होतं. शेजारी ठिपका दिसतो? तो त्याचा चंद्र."

"चंद्र? मंग मी कुठंय?"

डॉक्टरांना प्रश्न कळायला क्षणभर लागला. "तुम्ही इथं आहात, मावशी. गच्चीवर."

अक्का अजून बघत होती. "सरकून राह्यला. चालला भाईर."

"पृथ्वी फिरतेय ना. दुर्बीण सारखी सरकवावी लागते. मैदानातला सरकत होता?"

"न्हाई," अक्का सावकाश म्हणाली. "तो एका जागी ठाम बसलेला असतो."

डॉक्टरांनी मोबाईलवर एक जुना फोटो शोधून दाखवला. श्रीपतीनं पाहिला आणि लगेच ओळखला. तोच भव्य गोळा, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. तीच रुंद कडी आणि कड्यावर तीच काळी सावली, जिला महाराज साडेसाती म्हणत. ती शनीची स्वतःचीच सावली होती, त्याच्याच कड्यावर पडलेली. डॉक्टरांनी सांगितलं, की एक यान तेरा वर्षं शनीभोवती फिरत होतं, त्यानं असे फोटो पाठवले. इथून शनी असा अर्धा अंधारात दिसतच नाही. तसा बघायचा तर त्याच्या मागं जावं लागतं, आणि मंठ्याच्या मैदानातून ते जरा लांब पडतं. त्या यानानं शनीचे चंद्रही जवळून पाहिले. एकाच्या बर्फातून तर पाण्याचे फवारे उडतात.

"आमच्या नळाला पाच दिवसाला येतं," अक्का म्हणाली. मग फोटोकडे बोट करून, "पर हा फोटो खरा हाय ना? म्हंजे महाराजांनी दाखवलं ते खरंच झालं की. तुमच्या दाण्यापरीस चांगला."

म्हातारी हरली नव्हती. खरं भिंग, खरी नळी, आता फोटोही खरा. खोटं कुठं आहे ते दाखवा, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

अक्का पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून बसली. जरा वेळानं म्हणाली, "गेला. अंधार झाला."

"झाकण लावलं, मावशी. दव पडतंय."

अक्का ताठ झाली. वळून त्या झाकणाकडे बघत राहिली. परतीच्या एसटीत मंठ्याची वेस आल्यावर ती भावाच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "शनिवारी तू नळीच्या पुढल्या तोंडापाशी उभा राहा. मी सांगते तवा हात ठेव."

*

नवव्या शनिवारी अक्काचा नंबर आला तेव्हा मांडव खचाखच होता. ती वाकली. महाराजांनी चकतीला हात लावला.

"बघ माय. आज तर तू चांगली लांब गेली."

"दिसून राह्यलं," अक्का म्हणाली. "कडी. सावली. ठिपका भाईर." आणि डोळा न काढता, तिनं वर्गात मुलींना हाक मारायची तशी हाक मारली, "श्रीपती, ठेव."

श्रीपतीनं चार फुटांवरच्या तोंडावर तळहात ठेवला. शिष्य पुढं सरकला, पण चष्मेवाला तर माईकवरचा माणूस, त्याला हात लावायचा कसा, या विचारात तो अर्ध्यावरच थांबला.

"ठेवला का?"

"ठेवलाय, अक्का. पूर्ण झाकलंय."

ती तशीच वाकलेली राहिली. मांडवातल्या बायांची कुजबुज थांबली.

"तसाच हाय," ती म्हणाली. "कड्यासकट."

मग ती उठली आणि बाजूच्या खुर्चीतल्या किशनलालला म्हणाली, "शेठजी, तुमी बघा. श्रीपती, हात काढू नको."

किशनलाल शेठ वाकला. उठला तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला होता. "बराबर दिसून राह्यलं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "हातातून कसं दिसेल?"

त्याला पाइपचे आटे पाठ होते, कारण ते त्यानंच पाडले होते. त्यानं मखमल वर सारली, जोडावर हात घातला आणि थबकला. "आज शनिवार. लोखंडाला हात लावू का नको?"

"तुमचंच हाय ते," अक्का म्हणाली.

जोड तीन फेऱ्यांत सुटला. आत, डोळ्याजवळच्या भिंगाच्या लगेच पुढं, बारीक दिवा, दोन पेन्सिल सेल आणि पितळी चकतीला जोडलेला गोल पुठ्ठा. पुठ्ठ्यावर तीन पारदर्शक चित्रं. एकात ठिपका कड्याच्या आत, दुसऱ्यात काठावर, तिसऱ्यात बाहेर. शनी तिन्हींत तोच. त्यापुढची अडीच फूट नळी रिकामी होती. एक कोळी तिच्यात जाळं विणून निवांत बसला होता. त्या सबंध दुर्बिणीत खरोखर आभाळाकडं तोंड करून बसलेला तो एकटाच.

महाराज घाबरले नाहीत. अनुभवी माणूस होता. मंद हसून म्हणाले, "प्रतिमाच आहे, बेटा. देवळात काय असतं? मूर्ती ही पण प्रतिमाच. भाव असला की त्यातच देव."

आणि मांडव डळमळला. दोन-चार माना डोलल्या. आपण फसलो हे मानण्यापेक्षा आपला भाव मोठा होता हे मानणं केव्हाही सोपं. श्रीपतीला दिसलं, की आता हा माणूस निसटतो. तो माईककडे निघाला, पण अक्का आधीच बोलू लागली होती. माईकशिवाय.

"मूर्ती माणसानं घडवली, हे मूर्ती लपवून ठेवत न्हाई," ती म्हणाली. "आजवर कुठल्या मूर्तीनं मला थेंब बंद कर म्हणून सांगितलं न्हाई. तुमी सांगितलं. डाव्या अंगाला कोण उभं हाय माझ्या?"

डावीकडे महाराज स्वतःच उभे राहिले होते.

"मला न्हाई दिसत," अक्का म्हणाली. "दोन महिन्यांमागं थोडं दिसायचं."

मग श्रीपतीनं माईक घेतला. त्याला भाषण येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, की भिंग मी पास केलं आणि भिंग खरंच चांगलं आहे. ते कशाकडं बघतंय, हे मी विचारलं नाही. नाव माईकवर येत होतं, म्हणून विचारलं नाही. ज्यांनी माझ्या शब्दावर औषधं बंद केली, त्यांनी उद्या सकाळी ती सुरू करावीत, आणि मला शिव्या द्यायच्या असतील तर दुकान नऊला उघडतं.

पोलीस ठाण्यात तक्रार झाली. तिच्यात स्वतःची साक्ष लिहिताना "मी भिंग प्रमाणित केले" हे वाक्य श्रीपतीनं दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. शनिवारची रांग लगेच मोडली असं मात्र नाही. पुढच्या शनिवारी मांडव नव्हता, तरी वीस-पंचवीस माणसं बाटल्या घेऊन येऊन गेली, त्यात एक बाई तर साखरेच्या गोळ्या बंद करून बसलेली. रविवारी ती दुकानात आली. बराच वेळ चष्म्यांच्या फ्रेमा चाळत राहिली आणि मग विचारलं, "गोळ्या सुरू करू का?" एकटी आली, हे वाईट. आली, हे चांगलं.

अक्काची डावी कड परत आली नाही. येणारही नाही. आता घरात चहा तिच्या उजव्या हाताला ठेवतात, सायकल परसात लावतात आणि शिवणाच्या मुली उजवीकडे बसतात. सकाळी आणि संध्याकाळी आठला श्रीपती थेंबाची बाटली घेऊन येतो, ती मान वर करते, आणि घालण्याआधी बाटलीवरचं नाव त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. भावावर विश्वास नाही म्हणून नव्हे. विचारायची सवय राहावी म्हणून.

तेव्हा वाचकहो, चमत्कार बघायला अवश्य जा. भिंग चांगलं असेल, नळी मजबूत असेल, तुमच्याच गावच्या भल्या माणसानं हमी दिलेली असेल, आणि दिसेल तेही कदाचित खरोखरच सुंदर असेल. फक्त डोळा लावण्याआधी कुणाला तरी नळीच्या दुसऱ्या तोंडावर हात ठेवायला सांगा. हात ठेवूनही देव दिसतच राहिला, तर तो आभाळातला नाही, आतल्या पुठ्ठ्यावरचा आहे. आणि त्याच्यासाठी औषधाचा एक थेंबही चुकवू नका.